पॉश, ओके, डुलाली: जे फॉरवर्ड येईल ते खरं मानायचं का?

खडूस_वाचक: काल ग्रुपवर आपल्या टेम्सकाठीची इंग्रजी शब्दांवरची भलीमोठी पोस्ट वाचली. पॉश म्हणजे जहाजाच्या तिकिटावरच्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची (जाताना डावी बाजू, येताना उजवी) आद्याक्षरं, सॉकर हा अमेरिकनांनी फुटबॉलचा केलेला अपमान, डुलाली, म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द देवळालीच्या वेड्यांच्या इस्पितळावरून, आणि वर निकाल काय तर इंग्रजांची स्लँग अस्सल, अमेरिकेची उसनी. डोकं सणकलं. पी अँड ओ या जहाज कंपनीचं तसा शिक्का असलेलं एक तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. आणि सॉकर तर इंग्लंडचंच! ऑक्सफर्डच्या पोरांना शब्द तोडून मागे 'अर' लावायची खोड होती, रग्बीचं रगर, असोसिएशन फुटबॉलमधल्या 'सॉक'चं सॉकर. एखाद्या शब्दाचा सगळ्यात जुना छापील पुरावा कुठला, एवढं तरी बघा हो.

टेम्सकाठी: छापील पुरावा, छापील पुरावा! बोलीतला शब्द काय छापखान्यात जन्मतो का? आधी हमालाच्या, शिपायाच्या तोंडी असतो, पेपरात येईपर्यंत पिढी जाते. मी इतकी वर्षं लंडनला नोकरी करतोय, ऑफिसात सॉकर म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. त्यांची भाषा त्यांना कळत नाही?

खडूस_वाचक: आज तोंड वाकडं करतात म्हणून शब्द परका होत नाही, इंग्लंडचे पेपर १९७० च्या आसपाससुद्धा सर्रास सॉकर लिहायचे. आणि ओके घ्या. ग्रीकपासून रेड इंडियनांपर्यंत सगळ्यांनी हक्क सांगितला होता. शब्दांचे अभ्यासक ॲलन वॉकर रीड जुने पेपर चाळत बसले म्हणून कळलं की २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये तो आहे, 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने (oll korrect) लिहायची तेव्हा फॅशन होती. १८४० च्या अमेरिकी निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरेनच्या लोकांनी त्यांच्या 'ओल्ड किंडरहुक' या टोपणनावासाठी तो उचलला आणि पसरला. हे छापील पुराव्यानेच कळलं ना?

लॅमरोडवाला: तुमचं सॉकर राहू द्या बाजूला. देवळालीला वेड्यांच्या इस्पितळाचं गाव केलंय त्याचं काय? आजोबांचं कॅम्पात दुकान होतं, जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगतो. नोकरी संपलेले गोरे सोल्जर इथे आणून ठेवायचे, पण मायदेशी जाणारी जहाजं सुटायची थंडीच्या दिवसांत. मोसम संपताना जो आला तो उन्हाळा, पावसाळा काढत बसला. काम नाही, दारू, मलेरिया, मारामाऱ्या. डोकं फिरायचं ते वाट बघून. लष्करी इस्पितळ होतंच, पण शब्द त्यावरून आलेला नाही.

टेम्सकाठी: देवळालीची हवा एवढी चांगली की लोक मुद्दाम सॅनेटोरियममध्ये येऊन राहायचे. मग हवेने डोकं फिरलं कसं?

लॅमरोडवाला: हवेने फिरलं असं कोण म्हणालं? नीट वाचा आधी, मग बोला.

बोलीवेडा: मूळ शब्द 'डुलाली टॅप' आहे. टॅप म्हणजे ताप, आपला ताप! डिक्शनऱ्या हिंदुस्तानी, उर्दू लिहून मोकळ्या होतात. गाव नाशिकजवळचं, भोवती सगळे मराठी, तरी मराठीचं नाव घ्यायचं नाही. कायम हेच.

खडूस_वाचक: ताप संस्कृतातून सगळीकडे गेलाय. सोल्जरांची हिंदुस्तानी ही पलटणीत शिकलेली, ते देवळालीत यायच्या आधीच 'देखो'चं डेको (नजर टाकणं) आणि 'विलायती'चं ब्लायटी (मायदेश इंग्लंड) करून बसले होते. मराठीवरचं प्रेम मलाही आहे, पण पुराव्याशिवाय हक्क सांगितला की आपणही त्या पोर्ट-स्टारबोर्डवाल्यांच्याच रांगेत.

बोलीवेडा: म्हणजे मराठी माणसाने बोलायचंच नाही. बरं.

जर्सीकरीण: अमेरिकेची उसनी म्हणे! कूल, हिप हे काळ्या लोकांच्या बोलीतून, जॅझवाल्यांकडून आले. माझी मुलं जे शब्द शाळेतून आणतात त्यातले निम्मे त्यांचेच, आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही. बोलीवेडा, तुमचा राग मला कळतो, पण तो असाही वापरा. आणि इंग्रजांचा 'पाल', म्हणजे दोस्त, हा जिप्सींच्या रोमानी भाषेतला, भाऊ या अर्थाचा. मग उसनं कोण नाही?

टेम्सकाठी: ठीक आहे, पॉशचं तिकीट काढतो पोस्टमधून. सॉकर तुमचं म्हणणं म्हणून ठेवतो, मला ते अजून कानाला खटकतं. पण सोल्जर देवळालीत वेडे व्हायचे हे तर तुम्हीच कबूल केलंत, ते राहणार.

लॅमरोडवाला: राहू द्या. इस्पितळ काढा, जहाज घाला. आजच करा, ती पोस्ट आमच्या शाळेच्या ग्रुपवर पोचलीये.