डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याआधी उन्हाळ्यात एम-३चा क्लास लावावा का?

पलूसचा_इलेक्ट्रिकल

नमस्कार मंडळी. मिरजेत इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. उन्हाळी परीक्षा मे महिन्यात संपेल. आतापर्यंतचा अंदाज ८४ टक्क्यांच्या आसपास. डीएसईला (डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला) सांगलीचं वालचंद पहिलं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी दुसरं आणि राजारामनगरचं आरआयटी तिसरं असं डोक्यात आहे, शाखा इलेक्ट्रिकलच.

विश्रामबागेत एका ठिकाणी 'डीएसई स्पेशल' बॅच चालते. दोन महिने, एम-३ (तिसऱ्या सेमिस्टरचं गणित) आणि नेटवर्क अॅनालिसिस (सर्किट सोडवणं), फी बारा हजार, तीही एकरकमी आणि परीक्षा संपायच्या आत भरायची. पलूसहून जाऊन-येऊन तीन तास एसटीत जातील. घरचे म्हणतात पैशाचं बघू, पण उपयोग होणार असेल तरच. या क्लासचा प्रवेशाला काही फायदा होतो का? नुसतं तिसऱ्या सेमिस्टरला तगायचं असेल तर एम-३ आधी शिकावं की पहिल्या वर्षाचं गणित? माझा चुलतभाऊ मेकॅनिकल डिप्लोमा करून कॉम्प्युटरला जायचं म्हणतोय. त्याने सुट्टीत काय करावं तेही कृपया सांगा.

गणिताचा_तास

प्रवेशाला शून्य फायदा, हे आधी स्पष्ट सांगतो. डीएसईला सीईटी नसते. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागते आणि खासगी क्लासचं क्रेडिट कुठलंही विद्यापीठ धरत नाही. म्हणजे प्रश्न फक्त तिसऱ्या सेमिस्टरचा उरतो, आणि तिथे उन्हाळ्याचा उपयोग नक्की होतो. मात्र बहुतेक क्लास करून घेतात तो भाग चुकीचा असतो.

डिप्लोमावाल्याचं पहिलं वर्ष सुटतं, म्हणजे एम-१ आणि एम-२ सुटतात. डिप्लोमात गणित पहिल्या वर्षीच संपतं. बेसिकमध्ये मॅट्रिक्स, पार्शियल फ्रॅक्शन, त्रिकोणमिती आणि डेरिव्हेटिव्ह, अप्लाइडमध्ये इंटिग्रेशन, पहिल्या कोटीची डिफरेन्शियल इक्वेशन आणि न्यूमेरिकल मेथड्स. त्यानंतर दोन वर्षं हात लागलेला नसतो. आयगेन व्हॅल्यू, पार्शियल डेरिव्हेटिव्ह, टेलर सिरीज आणि दुहेरी इंटिग्रल या गोष्टी तर झालेल्याच नसतात. एम-३चे शिक्षक मात्र हे सगळं येतं असं धरून चालतात, कारण वर्गातली बाकीची मुलं नुकतीच त्यातून आलेली असतात.

एक उदाहरण देतो. एम-३मधल्या इन्व्हर्स लाप्लासच्या भागात हमखास असं गणित येतं: १ भागिले (एस² + ४एस + १३). क्लासमध्ये सूत्रांचा तक्ता पाठ करून घेतात, पण हे जसंच्या तसं तक्त्यात नसतं. छेद (एस + २)² + ९ असा मांडायचा. मग ९ म्हणजे ३², आणि उत्तर साइन ३टी गुणिले ई चा −२टी घात, सगळं भागिले ३. खालचा ३ निम्मी मुलं विसरतात, कारण तक्त्यातल्या साइनच्या सूत्रात वर 'ए' असतो आणि इथे वर १ आहे. यात अडतं ते लाप्लास नव्हे. पूर्ण वर्ग करणं ही दहावीची गोष्ट आहे, तीच हातातून गेलेली असते.

हाच छेद लिनियर डिफरेन्शियल इक्वेशनमध्ये पुन्हा भेटतो. डी² + ४डी + १३ बरोबर शून्य मांडलं की डिस्क्रिमिनंट १६ − ५२ = −३६ येतो आणि मुळं −२ अधिक-उणे ३आय. तेच २ आणि तेच ३. हा धागा ज्याला दिसला त्याला एम-३मधले दोन युनिट वेगळे वाटतच नाहीत. उजवीकडे ई चा २एक्स घात असेल तर डी च्या जागी २ घाला, छेद ४ + ८ + १३ = २५, झालं पर्टिक्युलर इंटिग्रल. अडचण येते ती छेद शून्य झाला की. उदाहरणार्थ डी² − ४ आणि उजवीकडे तोच ई चा २एक्स घात. इथे वर एक्सने गुणायचं आणि छेदाचं डी च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, म्हणजे २डी, त्यात २ घातले की ४. उत्तर एक्स गुणिले ई चा २एक्स घात, भागिले ४. हा नियम माहीत नसला की पोरं प्रश्न सोडून पुढे जातात आणि गुण तिथेच जातात.

माझ्या मते सहा आठवडे, रोज दीड तास, घरी बसून पुरतात. पहिले दोन आठवडे फक्त डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन, त्यातही चेन रूल आणि बाय पार्ट्स, कॅल्क्युलेटर न घेता रोज पंधरा गणितं. बाय पार्ट्समध्ये दुसऱ्या पदाचं उणे चिन्ह सुटतं, म्हणून निदान एक आठवडा प्रत्येक उत्तराचं उलट डेरिव्हेटिव्ह काढून ताळा घ्याच. तिसऱ्या आठवड्यात पार्शियल फ्रॅक्शन, पूर्ण वर्ग आणि कॉम्प्लेक्स नंबरचा पोलर फॉर्म. इलेक्ट्रिकलला हा शेवटचा भाग दुप्पट कामाचा, कारण एसी सर्किटचे फेझर म्हणजे तेच. चौथ्यात पार्शियल डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्सची रँक, आयगेन व्हॅल्यू. मगच शेवटचे दोन आठवडे दुसऱ्या कोटीच्या डिफरेन्शियल इक्वेशनला. लाप्लासचा तक्ता कॉलेज सुरू झाल्यावर पाठ केला तरी चालतो.

कॅप_आणि_कागदपत्रं

वरचं सगळं पटतं, पण परीक्षा संपायच्या आत पूर्ण फी भरू नका, हे ठासून सांगतो. एमएसबीटीईचा, म्हणजे डिप्लोमाची परीक्षा घेणाऱ्या मंडळाचा, उन्हाळी निकाल साधारण जूनमध्ये लागतो. एक जरी विषय राहिला तर पुढची परीक्षा हिवाळी. म्हणजे त्या वर्षीचा डीएसई गेला आणि क्लासचे पैसेही गेले. निकालात एखाद्या विषयाचे गुण खटकले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि फेरतपासणीची मुदत निकालापासून मोजकेच दिवस असते, तेवढे दिवस तरी डोळ्यांत तेल घालून बसा. एकेका टक्क्याने कॉलेज बदलतं.

का बदलतं तेही समजून घ्या. डीएसईला मंजूर प्रवेशसंख्येच्या १० टक्के जागा आणि शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात. साठच्या शाखेत मूळ जागा सहा, त्याही प्रवर्गांत वाटलेल्या. चांगल्या कॉलेजात पहिलं वर्ष भरलेलंच असतं, त्यामुळे रिकाम्या जागा फारशा येत नाहीत आणि कट-ऑफ चढतो. सीईटी सेलच्या (डीएसईचे प्रवेशही हेच बघतं) साइटवर मागच्या वर्षाच्या कट-ऑफ याद्या असतात. तुमच्या तिन्ही कॉलेजांचे इलेक्ट्रिकलचे आकडे तुमच्या प्रवर्गातून वहीत उतरवून घ्या. ८४ वर वालचंद आणि कराड दोन्ही अवघड दिसले तर आणखी पाच-सहा कॉलेजं यादीत हवीत. यादीचा क्रम मात्र आपल्या पसंतीचाच ठेवा. मिळेल असं वाटणारं कॉलेज वर लिहिलंत आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला, तर जागा आपोआप फ्रीझ होते. मग सुधारणेला वाव नाही.

दाखले एप्रिल-मेमध्येच तपासा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जुना दाखला घेऊन गेलेली पोरं दरवर्षी तहसीलला धावताना दिसतात. जात वैधता नसेल तर तिला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. पडताळणी समितीकडचा अर्ज आजच बघा, क्लासचं नंतर. डोमिसाइल, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका एका फाइलमध्ये हव्यात. नावाच्या स्पेलिंगमध्ये दहावी आणि डिप्लोमात फरक असेल तर तोही आत्ताच निस्तरा.

कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधूनच हवा. संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला ती मिळत नाही. क्लासच्या बारा हजारांपेक्षा हा हिशेब कितीतरी मोठा आहे.

कराड_तिसरं_सेम

थोडं वेगळं मत मांडतो. घरी एकट्याने रोज दीड तास बसणं सगळ्यांना जमत नाही. ज्याला जमत नाही त्याने क्लास लावावा, त्यात कमीपणा नाही. मात्र नेटवर्कसाठी नको. इलेक्ट्रिकल डिप्लोमात केव्हीएल, केसीएल, मेश, नोडल, थेव्हेनिन आणि सुपरपोझिशन झालेलं असतं. बारावीवरून आलेल्यांपेक्षा तुम्ही तिथे पुढे असता. नवं येतं ते ट्रान्झियंट, स्विच बंद केल्यावर आर-एल किंवा आर-सी सर्किटमध्ये क्षणोक्षणी काय घडतं ते. तेही डिफरेन्शियल इक्वेशन आणि लाप्लासवरच उभं आहे, म्हणजे पुन्हा गणितच.

दुसरं, या तिन्ही संस्था स्वायत्त आहेत. अभ्यासक्रम ज्याचा त्याचा आणि परीक्षाही त्यांचीच. क्लासवाले एकच साचा सगळ्यांना शिकवतात. तिन्ही कॉलेजांच्या साइटवरून दुसऱ्या वर्षाच्या गणिताची पानं डाउनलोड करून शेजारी-शेजारी ठेवा, जे तिन्हीकडे आहे तेवढंच उन्हाळ्यात करा. उरलेलं जागा पक्की झाल्यावर.

खरा फटका बसतो उशिरा पोचण्याचा. नियमित मुलांचं तिसरं सेमिस्टर सुरू झालेलं असतं आणि डीएसईच्या फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतात. पोचता तेव्हा पहिलं युनिट संपलेलं असतं आणि मिड-सेम तोंडावर असते. पहिल्या दिवशीच सीआरकडून (वर्गप्रतिनिधीकडून) वह्यांचे फोटो घ्या, प्रयोगशाळेचे चुकलेले प्रयोग कुठल्या बॅचबरोबर भरून काढता येतील ते शिक्षकांना विचारा आणि हजेरी कुठल्या तारखेपासून मोजणार ते कार्यालयातून पक्कं करा.

चुलतभावाबद्दल. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमानुसार डिप्लोमा एका शाखेचा आणि पदवी दुसऱ्या शाखेची चालते, पण ज्याला उन्हाळी क्लासची खरी गरज आहे तो तुम्ही नाही, तो आहे. मेकॅनिकलवाला तिसऱ्या सेमिस्टरला थेट डेटा स्ट्रक्चर्समध्ये जाऊन पडतो. शेजारच्या कॉम्प्युटर डिप्लोमावाल्याचं सी भाषा आणि डेटा स्ट्रक्चर्स आधीच झालेलं असतं. त्याने आठ आठवडे सी करावं: लूप, अॅरे, फंक्शन, मग पॉइंटर, स्ट्रक्चर आणि शेवटी लिंक्ड लिस्ट. निम्मा वेळ पॉइंटरला द्यावा. सुरुवातीला स्कॅनएफमध्ये अँडचं चिन्ह सुटतं आणि पत्ता न दिलेल्या पॉइंटरमध्ये किंमत लिहिली जाते. दोन्हीकडे प्रोग्राम कंपाइल होतो आणि चालवल्यावर कोसळतो, म्हणून चूक सापडत नाही. कंपायलरच्या वॉर्निंग चालू ठेवून प्रत्येक वॉर्निंग वाचायची सवय लावली की यातल्या बऱ्याच आधीच दिसतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून हे येत नाही, कीबोर्डवर स्वतः टाइप केल्याशिवाय काही खरं नाही. लिंक्ड लिस्टमध्ये मधला नोड काढून टाकायचा प्रोग्राम न बघता लिहिता आला की तयारी झाली समजा.

पलूसचा_इलेक्ट्रिकल

सगळ्यांचे मनापासून आभार. क्लासवाले म्हणतात की शेवटी 'ब्रिज कोर्स'चं (सुटलेला भाग भरून काढणाऱ्या कोर्सचं) प्रमाणपत्र देतात, त्यामुळे कॉलेजातला ब्रिज कोर्स माफ होतो. हे खरं आहे का? आणि एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या) तासांचं काय?

गणिताचा_तास

नाही, माफ होत नाही. डिप्लोमातून येणाऱ्यांसाठी गणितासारख्या विषयांचे ब्रिज कोर्स विद्यापीठांनी घ्यावेत, असं एआयसीटीई सांगते. तो कॉलेजात, कॉलेजच्या पद्धतीने होतो. बाहेरच्या क्लासच्या कागदाला तिथे किंमत नाही. प्रवेश निश्चित झाला की तुमच्या कॉलेजात तो कधी आहे, परीक्षा आहे का आणि नापास झाल्यास काय, हे परीक्षा विभागात विचारून घ्या. मुलं याकडे दुर्लक्ष करतात आणि शेवटच्या वर्षी गुणपत्रिका अडकते.

एनपीटीईएलचे व्हिडिओ फुकट आहेत आणि जुन्या कोर्सचे तासही कधीही बघता येतात. नवीन सत्र जुलैत आणि जानेवारीत सुरू होतं, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तर एका कोर्सला १००० रुपये. तुम्हाला उन्हाळ्यात प्रमाणपत्र नको आहे, म्हणून जुने व्हिडिओच पुरेत. तास बहुतेक इंग्रजीत असतात. पदवीचे तास तसेच असणार, तेव्हा कानाला तीही सवय होईल.

तरीही क्लासच लावायचा ठरला तर पैसे देण्याआधी त्यांच्याकडून विषयांची यादी आठवड्यांनुसार लेखी घ्या. पहिल्या आठवड्यात लाप्लास दिसला तर परत फिरा. इंटिग्रेशन आणि कॉम्प्लेक्स नंबर दिसले तर दोन दिवस बसून बघा, आणि फी निम्मी आता, निम्मी निकालानंतर अशी मागा. एकरकमीवर अडून बसले तर रोजचे एसटीतले तीन तास वाचवा आणि पलूसलाच ग्रंथालयात बसून गणितं सोडवा. अडलेलं गणित इथे टाका, पायऱ्यांसकट. पायऱ्या दिसल्या की कुठे चुकलं ते सांगायला सोपं जातं.