'कर्मठ' ही शिवी की शाबासकी?

वऱ्हाडी ठेचा:
एका ग्रुपवर कोणीतरी ज्ञान पाजळलं की 'कर्मठ' हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी धर्म पाळणाऱ्यांना हिणवायला काढला, आधी नव्हताच. डोकं फिरलं म्हणून इथं लिहून राहिलो. अरे बाप्पा, पाणिनीचं सूत्रच आहे, 'कर्मणि घटोऽठच्', कामात झटणारा तो कर्मठ. अमरकोशातही 'कर्मशूरस्तु कर्मठः'. सुधारक कुठून आले यात? मराठीत कर्म म्हणजे स्नानसंध्या, सोवळं-ओवळं, श्राद्धपक्ष एवढंच धरलं गेलं आणि झटणारा त्यातच झटू लागला, म्हणून शब्द नासला. हिंदीत तो अजून कष्टाळूच आहे.

धरमपेठ कट्टा:
म्हणजे चौकात 'कर्मठ, जुझारू' असे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात ते बरोबर? मराठी वस्तीत हिंदी फ्लेक्स, आणि नेत्याला शिवी पडली हे लावणाऱ्याले माहीत नाही 😂

इतवारीवाला:
नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं भाऊ, हिंदी-मराठी दोन्ही राजभाषा. हिंदी काय काल रेल्वेनं उतरली का? आमचे बाबा मराठी बोलतानाही 'कर्मठ माणूस' कौतुकानंच म्हणायचे.

जुनी वही:
पाणिनीनं काय सांगितलं त्यावर आजचा अर्थ ठरत नाही. धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे मारहाण, लूट, त्याला दंड होता. आज शाळेत साहसी मुलांना बक्षीस देतात, त्यांना दंड करायचा का?

तुळशीवृंदावन:
कर्मठ म्हणून नाकं मुरडणं सोपं आहे. माझी आजी धुतलेलं लुगडं नेसूनच चुलीपाशी जायची, बाहेरून आलेल्याला आधी पाय धुवायला लावायची. कोरोनात सगळं जग तेच करत होतं ना? सोवळं म्हणजे स्वच्छताच, बाकी लोकांनी बदनाम केलं.

निळी पहाट:
स्वच्छता? मग आंघोळ करून आलेल्या माणसाची सावली काहून चालत नव्हती? १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि सोबतचे लोक प्यायले, तर नंतर तळं 'शुद्ध' करायला त्यात पंचगव्य ओतलं. पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र. हे कोणतं हायजीन ते सांगा.

तुळशीवृंदावन:
विषय शब्दाचा आहे. प्रत्येक धाग्यावर हेच आणायचं का? आणि माझ्या आजीला मध्ये घेऊ नका.

निळी पहाट:
आजी तुम्हीच आणली ना! आमच्या आजीच्या हातचं पाणी ती प्यायली असती का, तेवढं सांगा, मी गप बसतो.

संत्राबर्फी:
आमच्या घरात 'सोवळी' म्हणजे आजोबांची आत्या. लहानपणीच नवरा गेला, केस काढले, जन्मभर आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं. सोवळ्यातला सगळा स्वयंपाक तिच्याच हातचा लागायचा, तिच्याइतकं काटेकोर घरात कोणी नाही, पण लग्नमुंजीत तिनं समोर यायचं नाही. जिच्या हातचं पवित्र तिचं तोंड अशुभ, हे स्वच्छतेच्या कोणत्या पुस्तकात बसवता?

इतवारीवाला:
जुनं कशाला उकरता? आजही भाड्यानं रूम बघायला गेलं की आधी आडनाव, मग 'नॉनव्हेज चालत नाही'. मी म्हटलं मी पण व्हेज, तर म्हणे 'कळवतो'. आणि तोच घरमालक रविवारी सावजी मटणाच्या हॉटेलात रस्सा ओरपताना दिसला बे!

धरमपेठ कट्टा:
घर त्याचं, नियम त्याचे.

इतवारीवाला:
तुले आडनावामुळं कोणी नाकारलं नाही, दिसूनच राहिलं.

तुळशीवृंदावन:
बरं, आत्याच्या बाबतीत स्वच्छता लागू होत नाही. मान्य. आता खूश सगळे? आजीनं कोणाचं वाईट केलं नाही एवढं तरी लिहू द्या.

निळी पहाट:
पाण्याचं उत्तर राहिलंच.

वऱ्हाडी ठेचा:
मी पाणिनी लिहिला होता, तुम्ही भाड्याची रूम शोधून राहिले. एकनाथ स्नानसंध्या सोडत नव्हते, तरी कावडीतलं गंगेचं पाणी तहानेल्या गाढवाला पाजल्याची कथा आहेच. मग त्यांना कर्मठ म्हणणार का?

जुनी वही:
नाही. नेमधर्म होता, पण तो गाढवाच्या तहानेपुढं मोडायची तयारी होती. कर्मठ माणसानं कावड झाकून घेतली असती.

धरमपेठ कट्टा:
आता गाढवावर दोनशे कमेंट येतील. मी चाललो.