रिफ्लक्सचं, म्हणजे पाजलेलं दूध वर येणारं बाळ रात्री कुठं झोपवायचं? झोळीत, छातीवर की सपाट गादीवर?

अक्कलकोट रोडची आई
मुलगा चार महिन्यांचा आहे. पाजून खाली ठेवला की दूध बाहेर, मग पाठीची कमान करून रडणं, रात्रभर हेच. डॉक्टरांनी वजन पाहिलं, छान वाढतंय म्हणाले, औषध दिलं नाही. अन्ननलिकेची खालची झडप कच्ची असते, चौथ्या महिन्याच्या आसपास त्रास सर्वांत जास्त होतो आणि वर्षभरात बहुतेक बाळांचं थांबतं. झोपवायचं मात्र पाठीवर, सपाट.

घरी यावरूनच वाद. सासूबाई सोलापुरी चादरीची जाड घडी डोक्याखाली सारतात, मी काढते. शेजारच्या काकू म्हणतात, आईनं छातीवर घेऊन बसून राहायचं. मला हे अजिबात पटत नाही. भिंतीला टेकून बसलं की डोळा लागतोच, बाळ घसरतं आणि नाक दबतं. बाळ सपाटच झोपवावं आणि जागरण घरानं वाटून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

जुळे सोलापूरची आजी
अगं पोरी, सपाट टाकलं की दूध वर येणारच की! झोळीत डोकं आपोआप वर राहतं. माझी लेकरं, नातवंडं सगळी झोळीत वाढली. उताणं झोपलेलं लेकरू ओकलं, दूध नाकात गेलं, तर कोण बघणार? रात्रभर रडवण्यापेक्षा झोळी बरी.

अक्कलकोट रोडची आई
आजी, ही भीती मलाही होती, म्हणून डॉक्टरांना हेच विचारलं. उताणं झोपलं की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध परत अन्ननलिकेतच उतरतं, शिवाय बाळाला ठसका मारून घसा मोकळा करता येतो. झोळीत अंग दुमडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो. उशीनं, घडीनंही तेच होतं. अमेरिकेत उतारावर झोपवायच्या पाळण्यांमध्ये बाळं दगावली, 2022 मध्ये तिथं कायद्यानं ते विकायला बंदी आली.

यंत्रमागवाला बाबा
वाटून घ्या म्हणणं सोपं हाय ओ. दुसऱ्या पाळीवरून घरी यायला मध्यरात्र होते, कानात मागाची खटखट असते. झोप नसली तर मागावर हात जाईल. आणि दूध आईचं, मी उठून करू काय?

अक्कलकोट रोडची आई
दादा, पाजणं आईचं, पण पुढचं काम कुणीही करू शकतं. ढेकर काढायचा, वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरायचं, लंगोट बदलायचा. तुम्ही मध्यरात्री येता, तर झोपण्याआधी तेवढ्या एका पाजण्यानंतरचं काम तुम्ही सांभाळा. वहिनींना तेवढी सलग झोप मिळेल. बाळ घेऊन बसून मात्र राहू नका, पेंग आली की खाली ठेवा.

माहेरी आलेली
औषध दिलं नाही, हेही मला खटकतं. माझ्या मुलीचं वजनच वाढत नव्हतं, सगळे म्हणाले, बाळं दूध काढतातच. तपासणीत गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी निघाली. मी दूध, दही, तूप बंद केलं, मग सुधारलं.

अक्कलकोट रोडची आई
हे अगदी खरं. वजन अडलं, हिरवी किंवा रक्ताची उलटी झाली, फवाऱ्यासारखी उलटी पुन्हा पुन्हा होऊ लागली, शू कमी झाली, ताप आला, तर घरच्या वादात वेळ घालवू नये. आणि गुटीत मध? वर्षाच्या आत नकोच.

जुळे सोलापूरची आजी
मधाचं ऐकते, झोळीचं नाही पटलं. एका खोलीत सहा माणसं, मे महिन्यात पत्रा तापलेला, तिथं सपाट कुठं टाकणार?

अक्कलकोट रोडची आई
जमिनीवर, आजी. घट्ट सतरंजी, वर एकच सुती चादर, उशी नाही, आसपास गोधडी नाही. पंखा चालू, अंगात झबलं. आणि तुम्ही जाग्या असाल, तर पहाटेचं पाजून झालं की घ्या की खांद्यावर. तुमच्याइतका पटकन ढेकर आमच्या घरात कुणाला काढता येत नाही.

जुळे सोलापूरची आजी
ते करते, पहाटे चारला मी उठलेलीच असते.