स्वप्नाच्या लघुपटात एकच पात्र तीनदा एका टेबलाशी कसं बसवायचं?

प्रश्न:
माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड यांच्या १९४३ च्या ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’मध्ये एकाच बाईची तीन रूपं एका टेबलाशी येतात. तसा शॉट डिजिटल कॅमेऱ्यावर, घरातल्या खोलीत घ्यायचा आहे. जोड दिसू नये म्हणून काय करावं?

प्रतिसाद १:
एकाच नटीला आळीपाळीने तीन खुर्च्यांवर बसवून तीन टेक घ्यायचे आणि नंतर ते एका चित्रात जोडायचे. म्हणून ट्रायपॉड एकदा लावला की हात लावू नका. फोकस, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) सगळं मॅन्युअल. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे लुकलुकत नाहीत. खिडकीला जाड पडदा हवाच. ढग सरकला की तीन टेकचा उजेड तीन तऱ्हांचा होतो आणि जोड तिथेच उघडा पडतो. रिकाम्या टेबलाचाही एक टेक घ्या, दुरुस्तीला लागतो.

प्रतिसाद २:
सावल्या तपासा. एका खुर्चीवरची सावली शेजारच्या भागात गेली तर मास्कच्या (प्रत्येक टेकमधला हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या आकाराच्या) कडेला कापली जाते. नजर जुळण्यासाठी रिकाम्या खुर्चीमागे डोळ्यांच्या उंचीवर खूण ठेवा. हात जोडाची रेघ ओलांडत असेल तर फ्रेमगणिक मास्क सरकवावा लागेल.

प्रतिसाद ३:
त्याच फिल्ममधली, वाळूवरून गालिच्यापर्यंत जाणारी पावलंही बघा. त्या शॉटना मास्क लागत नाही. प्रत्येक जागी तीच लेन्स, तीच उंची, तीच दिशा. पाऊल टेकतानाच कट. जागा बदलते, चाल तुटत नाही. स्वप्न खरंतर इथे जाणवतं, धूसर फिल्टरने नाही.