येना की कार्ल्सरुहे? शिकायला जाताना गाव निवडायला मदत हवी आहे

प्रकाशवेडी

मंडळी, नमस्कार.

ऑक्टोबरपासून जर्मनीत फोटॉनिक्समध्ये, म्हणजे प्रकाशाच्या विज्ञान-तंत्रज्ञानात, एमएससी करायची आहे. दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, येना आणि कार्ल्सरुहे. दोन्हीकडे शिकवणं इंग्रजीत, दोन्हीकडे चार सेमिस्टर. विषयांच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर एकोणीस-वीसचा फरक. त्यामुळे कुठलं विद्यापीठ वरचढ हे मला विचारायचंच नाही. कुठल्या गावात माझा निभाव लागेल, हे विचारायचं आहे. कळवायला दहा दिवस उरलेत आणि रोज सकाळी माझं उत्तर बदलतंय.

येनाकडे मन ओढ घेतं ते इतिहासामुळे. कार्ल झाइसने १८४६ मध्ये तिथे कार्यशाळा काढली, पुढे अर्न्स्ट आबे आणि काचेचा जाणकार ओटो शॉट त्याला येऊन मिळाले. सूक्ष्मदर्शकातून जास्तीत जास्त किती बारीक दिसू शकतं, याची मर्यादा आबेने १८७३ मध्ये मांडली. ते सूत्र तिथल्या त्याच्या स्मारकाच्या दगडावर कोरलेलं आहे. त्या दगडाचा फोटो गेली चार वर्षं माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे. पण कार्ल्सरुहेही काही कमी नाही. हाइनरिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या त्या तिथेच, १८८६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत. म्हणजे या कसोटीवर निकाल लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर कार्ल्सरुहे ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क आहे. चार सेमिस्टरचे ६,००० झाले. येना थुरिंगियात येतं, तिथे हे शुल्क नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधी पैसे भरायचे आणि मग दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दोन्हीकडे सारखेच दाखवायचे.

आता माझ्याबद्दल, कारण गाव मला मानवायचं आहे. मी भिडस्त आहे. आपणहून कुणाशी बोलायला मला वेळ लागतो. मागे एका प्रोजेक्टसाठी वस्तीपासून लांब असलेल्या संस्थेत आठ महिने राहिले होते. काम मनासारखं, मार्गदर्शकही चांगले, पण संध्याकाळी सहानंतर सगळी इमारत रिकामी व्हायची. मी लिफ्ट सोडून मुद्दाम जिन्याने चढायचे, एखाद्या मजल्यावर कुणी भेटलं तर दोन शब्द बोलता येतील म्हणून. शेवटच्या दोन महिन्यांत झोप उडाली होती. ते पुन्हा नको आहे.

येनाची वस्ती लाखाच्या थोडी वर, कार्ल्सरुहेची तीन लाखांच्या आसपास. छोट्या गावात माझ्यासारखीला माणसं मिळतात, की ती आणखी एकटी पडते? दुसरं, २०२४ च्या थुरिंगियाच्या विधानसभा निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध भूमिका घेणारा एएफडी पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. घरचे त्यावरून काळजीत आहेत आणि त्यांना काय सांगावं मला सुचत नाही. माझं जर्मन ए-टूपर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत, झालंय. जे तिथे राहिलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. फोटो आणि क्रमवाऱ्या बघून मी थकले आहे.

टेकडीवरून

येनात अडीच वर्षं काढली आहेत, तेव्हा त्याच गावाबद्दल लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अनुभवावरून असं की गाव छोटं असलं की तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसतात, आणि भिडस्त माणसाला याचाच फायदा होतो. मीही त्यातलाच. पहिले तीन आठवडे मी कुणाशी बोललो नाही. पण मेसमध्ये, ट्राममध्ये, नदीकाठच्या बागेत तेच चेहरे. चौथ्या आठवड्यात कुणीतरी मान हलवतं, सहाव्यात विचारतं की शनिवारी टेकडीवर येतोस का. आपण काही करावं लागत नाही, फक्त घराबाहेर पडत राहावं लागतं. गावाच्या भोवती चुनखडीच्या टेकड्या आहेत आणि त्यांवरून पायवाटा. तिथे चालायला जाणं हाच विद्यार्थ्यांचा मोठा विरंगुळा. शेजारी शेजारी चालताना बोलणं सोपं जातं, समोरासमोर बसून बोलायचं दडपण येत नाही.

मात्र याच टेकड्यांमुळे गावाला पसरायला जागा नाही. गावात खोली मिळणं कठीण. बरीच वसतिगृहं लोबेडा भागात आहेत. पूर्व जर्मनीच्या काळात उभ्या राहिलेल्या उंच इमारतींची ती वसाहत. फोटोत रुक्ष दिसते, पण ट्रामने पंधरा-वीस मिनिटांत गावात येता येतं. तुमच्या विषयाच्या फ्राउनहोफर आणि लायब्निझ या संशोधन संस्था बॉयटेनबेर्ग नावाच्या टेकडीवर आहेत. थिसिसला तिथेच जायची शक्यता जास्त.

भाषेचं सांगतो. लॅबमध्ये इंग्रजीवर भागतं, दाराबाहेर नाही. तिथली वयस्कर पिढी शाळेत इंग्रजीऐवजी रशियन शिकलेली आहे. माझ्या मजल्यावरच्या आजीबाईंना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. कपडे धुवायच्या खोलीत माझी पाळी चुकली तेव्हा त्यांनी मला वहीतला रकाना बोटाने दाखवला, आणि पुढच्या वेळी मी जर्मनमध्ये माफी मागितल्यावर माझं वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणून घेतलं. माझं निम्मं जर्मन त्या खोलीतलं आहे. ए-टू आहे म्हणजे सुरुवात चांगली आहे, ते निघेपर्यंत बी-वनवर, म्हणजे पुढच्या पायरीवर, न्या.

घरच्यांच्या काळजीबद्दल लपवून सांगण्यात अर्थ नाही. निवडणुकीचा आकडा राज्याचा आहे, येना शहरात त्या पक्षाला राज्याच्या सरासरीपेक्षा बरीच कमी मतं पडली. विद्यापीठाचं गाव आहे, रस्त्यावर बाहेरदेशचे चेहरे नवे नाहीत. तरी एकदा रात्रीच्या ट्राममध्ये एक माणूस माझ्याकडे बघून अद्वातद्वा बोलू लागला. समोरची बाई उठून माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा थांबा येईपर्यंत माझ्याशी हवेबद्दल बोलत राहिली. अडीच वर्षांत असं एकदाच झालं. मात्र मी मुलगा आहे, मुलींनी तिथल्या मुलींनाही विचारावं.

सायकलची_घंटा

कार्ल्सरुहेत शिकले. शहर मोकळं आणि सपाट. १७१५ मध्ये राजवाडा मधोमध ठेवून पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते आखले, ते आजही तसेच आहेत. मुख्य कॅम्पस राजवाड्याच्या बागेला लागूनच आहे, लेक्चर संपलं की दहा मिनिटांत हिरवळीवर. सायकल असली की दुसरं काही लागत नाही. हवा येनापेक्षा उबदार, उन्हाळा चांगलाच तापतो. तासाभरात स्ट्रासबुर्ग, म्हणजे फ्रान्स.

पण ताईला जी भीती आहे तिच्याबद्दल एक गोष्ट नक्की सांगेन. शहरात खोली मिळाली नाही म्हणून मी पहिलं वर्ष बाहेरच्या एका गावात काढलं. कार्ल्सरुहेची ट्राम रेल्वेच्या रुळांवरून थेट आजूबाजूच्या गावांपर्यंत जाते. १९९२ पासूनची ही सोय आहे आणि फार उत्तम आहे. तिच्यामुळेच विद्यार्थी लांब लांब विखुरतात. संध्याकाळी सगळे एकत्र जमले की साडेनऊला माझं घड्याळाकडे लक्ष जायचं. हळूहळू मला बोलावणंच कमी झालं. कुणाच्या मनात काही नव्हतं, मी येणार नाही हे त्यांनी धरलेलं असायचं. घरमालकांनी जाहिरातीत लिहिलं होतं, वीस मिनिटं. ट्राममधली वीस मिनिटं खरी होती, ट्रामपर्यंतची चाल त्यात धरली नव्हती. दुसऱ्या वर्षी कॅम्पसजवळ खोली मिळाली आणि तेच शहर मला वेगळं वाटू लागलं.

आणखी एक. विद्यापीठाच्या काही संस्था कॅम्पस नॉर्ड या दुसऱ्या आवारात आहेत, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, जंगलात. थिसिस तिथे पडला तर तुमच्या त्या जिन्याची आठवण येईल. हे आधी विचारून घ्या.

हिशेबनीस

थोडक्यात दोन मुद्दे.

६,००० युरो म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटच्या हिशेबाने (महिना ९९२) सहा महिन्यांचं राहणं-खाणं. काम करून भरून काढू म्हणाल तर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस एवढीच परवानगी आहे. विद्यापीठातल्या सहायकाच्या कामाचे तास त्यात धरत नाहीत, म्हणून आधी तेच शोधावं. शिवाय पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि ते देशात कुठेही घालवता येतात. म्हणजे हे गाव दोन वर्षांसाठी निवडताय, जन्मासाठी नाही.

दुसरं म्हणजे दोन्ही गावांसाठी नोव्हेंबरातला एक मंगळवार तासातासाने कागदावर लिहून काढा. किती वाजता उठाल, काय पकडून जाल, जेवताना शेजारी कोण असेल, अंधार कधी पडेल, सहानंतर कुठे असाल. जूनमधले फोटो बघून गाव निवडू नका. तिथे डिसेंबरात चार-साडेचारला सूर्य मावळतो.

प्रकाशवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. टेकडीवरून, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ट्राममधल्या त्या बाईपाशी ती थांबली आणि म्हणाली, पुन्हा वाच.

हिशेबनीस, मंगळवार लिहिला. कार्ल्सरुहेचा कागद दुपारी चारपर्यंत भरभर भरला, सहानंतर माझ्याकडे लिहायला काही नव्हतं, कारण खोली कुठे मिळेल हेच माहीत नाही. येनाच्या कागदावर साडेचारलाच अंधार पडला, पण पुढे ट्राम होती, कपडे धुवायची खोली होती, बुधवारच्या जर्मनच्या वर्गाचा गृहपाठ होता. मी तिथे कधी गेले नाही, तरी संध्याकाळ दिसली. सायकलची_घंटा, तुमचं ते बोलावणं कमी होत जाणं वाचून पोटात गोळा आला. विखुरलेलं मोठं शहर माझ्यासाठी जास्त अवघड जाईल, हे मला तुमच्यामुळे कळलं.

येनाच्या दोन विद्यार्थिनींना रात्रीच्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. एकीचं उत्तर आलंय. ती लोबेडातच राहते, रात्री अकराला एकटी ट्रामने येते, शेवटच्या थांब्यापासून चालताना मैत्रिणीला फोन लावून ठेवते. तिने लपवलं नाही म्हणून मला बरं वाटलं. दुसरीची वाट बघतेय. तिचंही असंच आलं तर येनाला होकार कळवेन.

एवढंच विचारायचं राहिलंय. वसतिगृहाच्या अर्जात एकटीची खोली मागावी, की सामाईक स्वयंपाकघराची?

टेकडीवरून

सामाईक स्वयंपाकघराची. अर्ज होकाराच्याच दिवशी टाका, यादी लांब असते. आणि पहिल्या आठवड्यात जेवण खोलीत नेऊ नका, तिथल्याच टेबलावर बसून खा.