एज ऑफ एम्पायर्स २ : 'हार्डेस्ट' कॉम्प्युटरपुढे रोज पानिपत होतंय, सल्ला हवा

उपाशी_गावकरी
मंडळी, ह्या राज्य उभारून लढायच्या गेमची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, दोन महिने खेळतोय. अरेबिया मॅप, कॉम्प्युटरशी एकास एक, माझी प्रजा द्राविड. 'हार्ड' पातळीला आता आरामात लोळवतो, पण 'हार्डेस्ट' लावला की वाट लागते. काल समोर ब्रिटन होते. चौदाव्या मिनिटाला सात-आठ धनुर्धारी माझ्या लाकूडतोड्यांवर. घंटा वाजवली, सगळे टाउन सेंटरात (गावाची मुख्य इमारत, माणसं तिथेच तयार होतात). बाहेर काढले की पुन्हा तेच. असं करत कसाबसा कॅसल एजला, म्हणजे तिसऱ्या युगात पोचलो आणि मोठ्या हौसेने मँगोनेल (दगड फेकणारं यंत्र) काढली. तर दगड हवेत असतानाच ह्या पठ्ठ्याने धनुर्धारी दोन बाजूंना फाकवले! दगड पडला गवतावर. पुढचा दगड भरेपर्यंत मँगोनेल गेली. १६० लाकूड आणि १३५ सोनं पाण्यात.

हा चीटिंग करतो का? आणि करत नसेल तर ह्याला हरवायचं कसं?

कॅफेतला_काका
चीटिंग नाही करत. १९९९च्या मूळ गेममध्ये 'हार्डेस्ट'ला खरंच फुकटचा माल मिळायचा. कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही त्याचा मार खाल्लाय. २०१९च्या डेफिनिटिव्हला नवा एआय (कॉम्प्युटर खेळाडू चालवणारा प्रोग्राम) आला, त्याला वरच्या पातळीवरही वरकमाई नाही. जुना एआय निवडायची सोय अजून आहे. एकदा लावून बघ, बिचाऱ्याची दया येईल.

नियमावली
काकांशी सहमत. थोडं आतलं सांगतो. हा एआय म्हणजे नियमांची लांबलचक यादी असते: 'अन्न ५० च्या वर आहे आणि टाउन सेंटर मोकळं आहे, तर व्हिलेजर (कामकरी गावकरी) काढ.' गेम चालू असताना ही यादी वरून खाली पुन्हा पुन्हा तपासली जाते. साधी टेक्स्ट फाइल, कुणीही स्वतःची लिहू शकतं. मीही लिहिली होती. घर बांधायच्या नियमात एक अट उलटी पडली आणि माझं साम्राज्य चार घरं बांधून २५ लोकसंख्येवर थिजलं, कारण घरांशिवाय माणसं वाढत नाहीत. बाकी सगळं सुरळीत. लाकूड हजारावर गेलं, पण पाचवं घर काही होईना, आणि शेजारचा 'ईझिएस्ट' येऊन मला मारून गेला.

सांगायचा मुद्दा, तुझ्या मँगोनेलचा दगड सुटला हे त्याला त्याच क्षणी कळतं. माणूस तेव्हा शेतं बघत असतो. म्हणून जे डाव माणसाची नजर चुकवण्यावर चालतात, ते इथे लावू नकोस. मँगोनेल लागलीच तर दोन ठेव आणि सगळे दगड एकदम सोडू नकोस. एकाला चुकवून ते जिथे पळतात तिथे दुसरा टाक. खर्चाच्या मानाने मला हा उद्योग परवडत नाही.

भाकरी_आणि_भाले
अरे पण द्राविड घेऊन मँगोनेलच्या नादी लागलासच कशाला? स्कर्मिशर काढ, धनुर्धाऱ्यांवर भारी पडणारे भालाफेके! २५ अन्न, ३५ लाकूड, सोनं शून्य. त्याचा एक धनुर्धारी २५ लाकूड आणि ४५ सोन्याला पडतो. त्यात द्राविडांचे स्कर्मिशर इतरांपेक्षा भराभर भाले फेकतात, आणि एज बदलताना २०० लाकूड फुकट मिळतं ते वेगळंच. फ्यूडलला (दुसऱ्या युगात) पोचताच आर्चरी रेंज टाकायची, स्कर्मिशर तिथेच निघतात, त्याची फौज दिसायची वाट बघायची नाही. फक्त अगदी अंगाला भिडलेल्यावर ह्यांना भाला फेकता येत नाही, तेव्हा समोर दोन-चार भालाईत ठेव. ते त्याचे घोडेही अडवतील.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. घंटा वाजवल्यावर टाउन सेंटर किती वेळ रिकामं होतं? कालच्या गेमचं रेकॉर्डिंग उघड आणि आधी स्वतःकडून नाही, त्याच्या बाजूने बघ.

खिंडीतला_वाटसरू
गनिमी कावा! माझ्या खेळात तरी हे हमखास चालतं. तो निघाला की चार स्काउट घोडे त्याच्या लाकडावर सोडायचे. तिकडे बोंब उठली की त्याची फौज अर्ध्या वाटेतून माघारी फिरते. घोडे काढून घ्यायचे, फौज पुन्हा निघाली की पुन्हा सोडायचे. माणूस दुसऱ्या खेपेला शहाणा होतो, हा होत नाही.

भाकरी_आणि_भाले
चार स्काउट म्हणजे ३२० अन्न, वाटसरूभाऊ. त्याच्याकडे तेवढे आहेत का ते आधी विचारा. टोपणनावच 'उपाशी' आहे.

उपाशी_गावकरी
ताई, रेकॉर्डिंग बघितलं. लाज वाटली. पहिल्या हल्ल्यानंतर माझं टाउन सेंटर १ मिनिट ४० सेकंद नुसतं उभं. एक व्हिलेजर २५ सेकंदांचा, म्हणजे चार गेले, बाण न लागता. आणि त्याच्या बाजूला बघावं तर त्याचेही तेव्हा दोन धनुर्धारी मेले होते, पण व्हिलेजर एकामागून एक निघतच होते. विसाव्या मिनिटाला त्याचे ५१, माझे ३३.

काल रात्री पुन्हा बसलो. सगळ्यांना आत कोंडलं नाही. मार पडत होता ते लाकूडतोडे तेवढे मागच्या झाडीत हलवले, शेतकरी शेतातच ठेवले आणि सहा स्कर्मिशर काढले. त्याचे धनुर्धारी खरंच मागे हटले! मग चेव आला आणि मी पाठलाग करत थेट त्याच्या टाउन सेंटरच्या बाणांत गेलो. सहाच्या सहा खलास. शेवटी एक्केचाळिसाव्या मिनिटाला हरलो. पण आधी पंचवीसच्या पुढे टिकत नव्हतो.

कॅफेतला_काका
टाउन सेंटरखाली जाऊन मरणं हा संस्कार आहे, सगळ्यांचा होतो. आर्ट ऑफ वॉरची सराव आव्हानं मेन्यूतच आहेत. त्यातलं सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचं रोज एकदा कर. फौजेचं नंतर.

उपाशी_गावकरी
करतो काका. अजून एक. रविवारी मी आणि धाकटा भाऊ मिळून खेळतो, सोबत तिसरा दोस्त म्हणून कॉम्प्युटर. हा दोस्त एकटाच जाऊन मरून येतो. त्याला थांबवता येतं का?

नियमावली
येतं. चॅटमध्ये दोस्तांना नुसता आकडा पाठवायचा. ३६ म्हणजे माझ्या इशाऱ्यापर्यंत हल्ला करू नकोस, ३१ म्हणजे आता चढाई कर. ३८ टाकलंस तर जास्तीचा माल तुला देतो, ४२ वर कोणत्या एजमध्ये आहे ते सांगतो. ३ ते ६ ला अनुक्रमे अन्न, लाकूड, सोनं, दगड मागता येतं.

उपाशी_गावकरी
दोन महिने हे कुणी सांगितलं नाही! आणि ३० ला काय होतं?

भाकरी_आणि_भाले
टाकून बघ. स्पीकरचा आवाज मोठा ठेव, आणि भाऊ शेजारीच असू दे.