मुलाच्या डॉक्टरने बाबाच्या सिगरेटबद्दल बोलावं का?

चिमणी_आई:
आमच्या दोन वर्षांच्या पोराला सर्दी झाली की छातीत घरघर सुरू होते आणि कान तर सारखाच दुखतो. परवा चेकअपला डॉक्टरांनी विचारलं घरात कोणी सिगरेट ओढतं का, मी काही बोलायच्या आत नवराच म्हणाला हो पण मी बाल्कनीत जाऊन ओढतो, त्यावर त्या म्हणाल्या सोडायची असेल तर इथूनच सुरुवात करू, मदत हवी का? हा नुसता हसला. बाहेर आल्यावर मात्र चिडचिड, म्हणे पोराला दाखवायला आलोय, माझी चौकशी कशाला. मला तर बरं वाटलं. पण मुलांच्या डॉक्टरकडे खरंच मदत मिळते का नुसतं लेक्चर?

लसवाली_डॉक्टर:
मी बालरोगतज्ज्ञच आहे. तिशीतला धडधाकट माणूस स्वतःसाठी डॉक्टरकडे जातो कधी? पण पोराच्या लसी, ताप, खोकला म्हणून आमच्यासमोर वरचेवर बसलेला असतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलवाल्यांनी हेच हेरून 'सीस' नावाचा कार्यक्रम काढला, विचारायचं, मदत करायची, क्विटलाइनला, म्हणजे सिगरेट सोडायला मदत करणाऱ्या फोन सेवेला, जोडून द्यायचं. यातलं मधलंच, म्हणजे मदत करणं, नेमकं गळतं. विचारतात, "सोडा बरं का" म्हणतात, संपलं. निकोटिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) किंवा गम यांची चिठ्ठी हातात पडली तर गोष्ट वेगळी.

बाल्कनीचं म्हणाल तर घरात ओढण्यापेक्षा बरं, एवढंच. निकोटिन केसांत, शर्टावर बसून घरात येतं, तोच शर्ट घालून पोराला कडेवर घेतात आणि पोर कॉलर चोखतं. घरघर आणि कान दोन्हीचा धुराशी संबंध पक्का आहे, पण तुमच्या पोराचं दुखणं त्यानेच असं इथून मी म्हणणार नाही, आणि नवऱ्याला तसं सुनावूही नका, माणूस आणखी आडमुठा होतो.

सुटलो_एकदाचा:
मला पोराच्या डॉक्टरनेच सोडवली. घरचे सगळे ओरडून थकले होते, यांनी फक्त एवढंच विचारलं की सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटवता? मी म्हटलं चहाच्या आधी. मग म्हणाले अर्ध्या तासाच्या आत लागते म्हणजे २ मिग्रॅचा गम पुरणार नाही, ४ चा घ्या. सोबत पॅच, कारण दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त चालतं. आणि गम च्युइंगमसारखा चघळत बसायचा नाही हो, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, नाहीतर नुसत्या उचक्या. पहिले दोन-तीन दिवस डोकं फिरतं, नंतर हळूहळू निवळतं. वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून पोराच्या हाताला लागणार नाही असा टाका, त्यात निकोटिन उरलेलं असतं.

गुपचूप_आई:
सगळे बाबांबद्दलच बोलताय. मी ओढते, आणि डॉक्टरने घरच्या माणसांसमोर विचारलं तर मी सरळ "नाही" म्हणणार, अजून काय! फॉर्मवर टिक करायला द्या ना, आणि बोलणं एकटीशी. आईला विचारताना तो "असं कसं करवतं तुम्हाला" वाला चेहरा असतो ना, तो पाहिला की मदत गेली उडत.

लसवाली_डॉक्टर:
@गुपचूप_आई खरंय, फॉर्मवर विचारलं की उत्तरं जास्त खरी येतात.

चिमणी_आई:
थँक्यू सगळ्यांना. सकाळचा प्रश्न मी विचारून पाहिला, म्हणाला दात घासायच्या आधी 😅 पुढच्या लसीला स्वतःच येतो म्हणतोय, पण तोवर व्हेपवर (ई-सिगरेटवर) जाऊ का असंही चाललंय.

सुटलो_एकदाचा:
व्हेपचं राहू दे, आधी पॅच-गम करून बघू दे. तरीही आणलाच तर त्यात भरायच्या निकोटिनच्या द्रवाची बाटली पोराच्या हाती लागू देऊ नका, त्यातलं थोडंसं पोटात गेलं तरी लहान पोराला विषबाधा होते.